भूवैज्ञानिक व्यवसायनीती

भूवैज्ञानिक व्यवसायनीती : खडक, खनिजे, भूजल आणि भूकवचातील घडामोडी यांचे निरीक्षण करणे, त्यावरून अनुमान काढणे, सल्ला देणे, शिकविणे व निष्कर्ष प्रसिद्ध करणे ही कामे करताना भूवैज्ञानिकाने पाळावयाच्या कर्तव्यांना व बंधनांना ‘भूवैज्ञानिक व्यवसायनीती’ म्हणतात. भूवैज्ञानिकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : शुल्क किंवा वेतन घेऊन सल्ला देणारे व्यावसायिक आणि विद्यापीठे व संशोधन संस्था यांतील अध्यापक-संशोधक. दोहोंची कामे भिन्न असली, तरी त्यांच्या नीतीचा पाया एकच आहे. भूवैज्ञानिक ज्या वस्तूविषयी विधान करतो, ती बहुधा डोळ्यांना दिसत नाही. उघडा पडलेला खडक, विहिरीची भिंत, विंधण विहिरीतून निघालेला चुरा व उपकरणांची वाचने एवढ्यावरून त्याला जमिनीखालील स्थितीचे चित्र उभे करावे लागते. ऐकणाऱ्यास हे चित्र पडताळून पाहता येत नाही आणि चूक उघडकीस येते ती पैसा खर्च झाल्यानंतर, कधीकधी पुष्कळ वर्षांनी. म्हणून पाहिलेले काय व अनुमानलेले काय हे वेगळे सांगणे, अनुमान कितपत भरवशाचे आहे ते सांगणे आणि इतरांना पडताळा घेता येईल असा पुरावा राखून ठेवणे, ही या नीतीची तीन मूलतत्त्वे होत.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत या नीतीचे बहुतेक प्रश्न एकत्र पाहावयास मिळतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यांचे उदाहरण मुख्य धरले आहे.

प्रदेशाची भूवैज्ञानिक पार्श्वभूमी : हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून तेथे वर्षाकाठी सरासरी सु. ५०० मिमी. पाऊस पडतो. दक्षिणेस नीरा, ईशान्येस भीमा आणि बारामती तालुक्यातून वाहणारी कऱ्हा या येथील मुख्य नद्या होत. कऱ्हा नीरेस मिळते व नीरा नरसिंगपूर येथे नीरा-भीमा संगम होतो. नीरा डाव्या कालव्याखालील पट्टा ऊस पिकविणारा बागायती आहे, तर कालव्यापासून दूर असलेली गावे जिरायती व टंचाईग्रस्त आहेत. भीमेवरील उजनी धरणाच्या (१९८०) जलाशयाचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या सीमेवर पसरला आहे.

नद्यांकाठचा गाळ सोडल्यास सर्व प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाचा आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांपासून हा खडक बनला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो, त्यास विहिरी खोदणारे ‘काळा पाषाण’ म्हणतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या पडलेला असून त्या पोकळ्या बहुधा खनिजांनी भरलेल्या असतात, त्यास ‘मांजऱ्या’ म्हणतात. दोन थरांच्या दरम्यान कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात व पाषाणातील भेगांत. अशा झिजलेल्या खडकातून निथळून मिळू शकणारे पाणी त्याच्या घनफळाच्या शेकडा १ ते ३ एवढेच असते. भेगा सर्वत्र सारख्या नसल्याने एका विहिरीस भरपूर पाणी लागावे व शंभर पावलांवरील दुसरी कोरडी निघावी, असे येथे वारंवार घडते. सल्लागाराच्या नीतीची खरी कसोटी अशाच खडकात लागते.

विहिरीच्या जागेचा सल्ला : या भागातील शेतकऱ्याचा भूवैज्ञानिकाशी संबंध येतो तो विहीर किंवा विंधण विहीर (बोअर) कोठे घ्यावी हे विचारण्यापुरता. खोदाईचा सर्व खर्च शेतकरी सोसतो व पुष्कळदा त्यासाठी कर्ज काढतो. पाणी न लागल्यास सल्ला देणाऱ्याचे शुल्क परत जात नाही आणि खोदाई करणाऱ्याचे दर फुटावर ठरलेले असल्याने त्याचेही नुकसान होत नाही. जोखीम सर्वस्वी एकाच्या पदरी पडते व ज्ञान दुसऱ्यापाशी असते. या विषमतेतून पुढील कर्तव्ये निघतात.

पहिले कर्तव्य अनिश्चितता सांगण्याचे. जागा निवडताना विद्युत् रोधकता मापनाचा उपयोग सर्रास केला जातो. जमिनीत दोन विद्युत् अग्रांवाटे प्रवाह सोडून दुसऱ्या दोन अग्रांमधील वर्चोभेद मोजतात व त्यावरून निरनिराळ्या खोलीवरील खडकांची रोधकता काढतात. पाणी धरलेल्या झिजलेल्या खडकाची रोधकता कमी असते हे खरे, परंतु चिकणमातीची व खाऱ्या पाण्याचीही ती कमीच असते. नीरेच्या खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनीत कमी वाचन मिळाले म्हणून गोडे पाणी लागेल, असे म्हणता येत नाही. शिवाय थरांच्या वेगवेगळ्या रचनांपासून जवळजवळ सारखेच आलेख मिळू शकतात. म्हणून मोजणीला आसपासच्या विहिरींच्या पाहणीची, खडकांच्या उताराच्या व ओढ्यांच्या अभ्यासाची जोड देणे अवश्य ठरते. ती न देता केवळ यंत्र मांडून ‘इतक्या फुटांवर इतके इंच पाणी’ असे सांगणारा भूवैज्ञानिक नारळ किंवा काठी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याहून वेगळा राहत नाही.

पाणाड्यांविषयी भूवैज्ञानिकाची भूमिकाही नीतीचाच भाग आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९१७ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तिका काढून या पद्धतीस आधार नसल्याचे सांगितले होते. तथापि लोकांचा अनुभव खोटा आहे, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. जेथे बहुतेक ठिकाणी थोडेबहुत पाणी लागतेच, तेथे कोणत्याही पद्धतीने निवडलेल्या काही जागा यशस्वी ठरणारच. सहज निवडलेल्या जागांपेक्षा यशाचे प्रमाण किती अधिक आहे, हे दाखविता आले तरच ती पद्धती उपयुक्त ठरते. हीच कसोटी भूवैज्ञानिकाने स्वतःसही लावली पाहिजे व त्यासाठी अपयशाची नोंद ठेवली पाहिजे. यशस्वी विहिरीची गोष्ट गावभर होते, तर कोरड्या बोअरवर दगड ठेवला जातो आणि तिची माहिती तिच्याबरोबरच नाहीशी होते. वस्तुतः किती खोलीवर कोणता खडक लागला व पाणी का लागले नाही, ही माहिती पुढच्या शेतकऱ्याचा खर्च वाचविणारी असते. कोरडी बोअर नोंदीतून वगळणे हे त्यामुळे केवळ नीटनेटकेपणाचा अभाव नसून तो कर्तव्यातील दोष होय.

दुसरे कर्तव्य हितसंबंधांविषयीचे. खोदाई यंत्राच्या मालकाकडून किंवा पंप विकणाऱ्याकडून दलाली घेणे, हे सल्ल्याच्या निःपक्षपातीपणास बाधक आहे. फुटावर दर घेणाऱ्याशी संबंध असणारा सल्लागार ‘आणखी शंभर फूट जाऊन पाहू’ असे सांगतो, तेव्हा तो सल्ला खडक पाहून दिला की हिशेब पाहून, हे शेतकऱ्यास कळण्यास मार्ग नसतो. असा संबंध टाळता येत नसेल, तर निदान तो आधी उघड केला पाहिजे. ‘येथे खोदू नका’ असा सल्ला देण्याबद्दलही तेवढेच शुल्क घेण्याची पद्धत ठेवणे, हा सल्ला निर्लेप राखण्याचा सोपा मार्ग आहे.

तिसरे कर्तव्य मोजमापाच्या प्रामाणिकपणाचे. खोदाई चालू असताना दाबाखालील हवेने बाहेर फेकले जाणारे पाणी पाहून बोअरची क्षमता ठरविणे फसवे असते. पावसाळ्यानंतर लगेच मिळणारे पाणी व वैशाखात मिळणारे पाणी यांतही मोठी तफावत असते. टिकाऊ क्षमता ठरविण्यासाठी ठराविक वेळ उपसा करून पातळी किती उतरते व किती वेळात पूर्ववत् होते, हे पाहावे लागते. अशी चाचणी झालेली नसल्यास अहवालात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण याच आकड्याच्या भरवशावर शेतकरी फळबाग लावतो.

तिसऱ्या पक्षाचे हित : सल्ला एकास दिला जातो, परंतु पाणी गटाच्या हद्दी मानीत नाही. एकाची नवी खोल बोअर ही पुष्कळदा शेजाऱ्याच्या जुन्या विहिरीतील पाणी भेगांवाटे खाली ओढून घेते. त्यामुळे नवे पाणी मिळाल्याचा भास होतो, प्रत्यक्षात पाण्याचा मालक तेवढा बदलतो. वकिलास आपल्या पक्षकाराची बाजू मांडणे पुरते. भूवैज्ञानिकास मात्र जे समोर नाहीत त्यांचाही विचार करावा लागतो.

या विचारास अंकगणिताचा आधार आहे. झिजलेल्या बेसाल्टातून शेकडा २ पाणी निथळते असे धरल्यास १ हेक्टर क्षेत्रातील भूजलपातळी १ मी. खाली गेली म्हणजे सु. २०० घ. मी. पाणी उपसले गेले. वर्षाच्या ५०० मिमी. पावसापैकी शेकडा ८ पाणी मुरते असे मानल्यास १ हेक्टरमागे ४०० घ. मी. एवढी भर पडते. पूर्णपणे विहिरीच्या पाण्यावर घेतलेल्या १ हेक्टर उसास वर्षाकाठी सु. २०,००० घ. मी. पाणी लागते असे धरले, तर त्या एका हेक्टरासाठी सु. ५० हेक्टरांवर मुरलेले पाणी खर्ची पडते. खडकागणिक व सिंचनाच्या पद्धतीनुसार हे आकडे बदलतील, परंतु प्रमाणाची कल्पना त्यांवरून येते. विहिरीची जागा दाखविताना हा हिशेब न सांगणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. शेततळ्याच्या बाबतीतही हेच लागू पडते. पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी केलेले तळे विहिरीच्या पाण्याने भरल्यास भूजल उघड्यावर आणून त्याची वाफ होऊ दिली जाते.

कायद्यानेही हे तत्त्व काही अंशी मान्य केले आहे. महाराष्ट्रात १९७२ मध्ये भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. १९९३ च्या भूजल अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मी. अंतराच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास मनाई केली. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अंमलात आला. त्यात ६० मी. पेक्षा अधिक खोल विहिरींवर निर्बंध आहेत. अशा तरतुदी अंमलात आणताना एक विहीर दुसरीस बाधक आहे किंवा नाही, हे तांत्रिक मतावर ठरते. ते मत गावातील वजनदार माणसाकडे पाहून बदलले, तर कायदा असूनही तहानलेल्यास त्याचा उपयोग होत नाही. उलट कायद्याच्या मर्यादेपलीकडील खोली सुचवून अहवालात कमी खोली लिहिणे, ही तर सरळ लबाडीच ठरते.

नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी : अप्रिय निष्कर्ष उघडपणे मांडण्याचे जुने उदाहरण याच प्रदेशात मिळते. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला व अवर्षणाने गांजलेल्या मुलखात ऊस पिकू लागला. कालव्याचे व शेतीत दिलेले जादा पाणी जमिनीत मुरून भूजलपातळी वर आली. काळ्या जमिनीतून निचरा मंद असल्याने सखल भाग पाणथळ झाले, केशाकर्षणाने वर चढलेल्या पाण्याची वाफ होऊन त्यातील क्षार पृष्ठभागी साचले आणि जमिनी खारवट व चोपण बनल्या. हॅरल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून तो १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. कालवा सरकारी, त्याचे दुष्परिणाम दाखविणारे अधिकारी सरकारी व छपाईही सरकारीच होती. निष्कर्ष प्रकाशनासाठी कोणाच्या सोयीची वाट पाहिली गेली नाही.

या प्रकरणी हानी कोणाची होते हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वरच्या अंगास भरमसाट पाणी देणाऱ्याचे पीक जोमदार येते आणि त्याच्या खालच्या अंगास असणाऱ्याची जमीन नापीक होते. मातीखालील मुरमाचा थर कोठे आहे, त्यातून निचरा कोणीकडे होतो, ही माहिती असणाऱ्या तज्ञाने दोघांनाही ती सांगितली पाहिजे. केवळ शुल्क देणाऱ्यास ती सांगणे अपुरे आहे.

वाळू व खनिजे : नदीपात्रातील वाळू ही बांधकामाची सामग्री आहे, तशीच ती पाणी साठविणारी व काठच्या विहिरींना पोसणारी आहे. भीमा व नीरा यांच्या पात्रांतील उपशास परवानगी देताना वाळूची जाडी, दरवर्षी नव्याने येणारी भर व पाण्याची पातळी यांविषयी भूवैज्ञानिकाचे मत विचारात घेतले जाते. गौण खनिजांच्या लहान क्षेत्रांसही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले व २०१६ पासून जिल्हा सर्वेक्षण अहवालाची पद्धत आली. धरण बांधल्यावर वरून येणारी वाळू घटते, त्यामुळे जुन्या आकड्यांवर नवी भर दाखविणे चूक ठरते. पात्रात प्रत्यक्ष न उतरता केलेली सही ही भूवैज्ञानिकाची सही नव्हे.

खनिजांच्या साठ्याचे अनुमान हा याच प्रश्नाचा मोठा आविष्कार होय. कॅनडातील ब्रे-एक्स या कंपनीने बोर्निओतील बुसांग येथे प्रचंड सुवर्णसाठा असल्याचे जाहीर केले होते. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले गेल्याचे १९९७ मध्ये सिद्ध झाले व भागधारकांची मोठी हानी झाली. विंधणातून मिळालेला खडकाचा दंडगोल उभा चिरून अर्धा भाग राखून ठेवण्याची रूढ पद्धत तेथे पाळली गेली नव्हती. सर्व नमुना कुटून टाकल्यामुळे पडताळा घेण्यास काही उरले नव्हते. या प्रकरणानंतर कॅनडात २००१ मध्ये साठ्याविषयीचे विधान अर्हताप्राप्त व नावानिशी जबाबदार अशा व्यक्तीनेच करावे, असा नियम झाला. ऑस्ट्रेलियात अशी संहिता १९८९ पासून होती. भारतात खनिजाच्या अस्तित्वाचा पुरावा कसा द्यावा याविषयी २०१५ मध्ये नियम करण्यात आले.

संशोधन व अध्यापन : संशोधकास शेतकऱ्याचे कर्ज डोळ्यांपुढे दिसत नाही, म्हणून त्याच्या चुकीची किंमत कोणी देत नाही असा समज होतो. तो बरोबर नाही. एका निबंधातील निष्कर्ष दुसऱ्याचा आधार होतो, त्यावरून नकाशे व पाठ्यपुस्तके तयार होतात आणि खोटा दगड पायातच बसतो.

बारामती तालुक्यातील मोरगाव हे मयूरेश्वराचे स्थान म्हणून सर्वश्रुत आहे. भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने ते कऱ्हा नदीच्या गाळातील ज्वालामुखी राखेच्या थरामुळे महत्त्वाचे ठरले आहे. ही राख स्थानिक नसून सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून उडून आलेली आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथेही अशी राख सापडते. दोन्ही ठिकाणी राखेच्या सान्निध्यात पुराणाश्मयुगीन अश्यूलियन दगडी हत्यारे मिळाल्याने राखेचे वय म्हणजे दख्खनमधील प्राचीन मानवाच्या कालगणनेची किल्ली होय.

या वयाविषयी मोठा मतभेद झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील व त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी बोरीच्या राखेचे वय १९८०–९० या दशकात पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने सु. १४ लाख वर्षे असे दिले. १९९५ मध्ये नव्या मापनाने ते सु. ६·७ लाख वर्षे आले. त्याच वर्षी व १९९८ मध्ये दुसऱ्या एका गटाने राखेतील काचेच्या रासायनिक संघटनावरून भारतीय द्वीपकल्पातील टोबाची सर्व राख केवळ ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची असल्याचे प्रतिपादिले. पुढे २००७ मध्ये पुराचुंबकत्वाच्या अभ्यासात या ठिकाणच्या गाळात उलट चुंबकन आढळले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सध्याची दिशा सु. ७·८ लाख वर्षांपासूनची असल्याने तो गाळ त्याहून जुना ठरतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन मापनांत मोरगावच्या राखेचे वय सु. ८ लाख व बोरीच्या राखेचे सु. ७ लाख वर्षे आले आणि त्रुटीची मर्यादा लक्षात घेता दोन्ही टोबाच्या सु. ७·९ लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या स्फोटाशी जुळतात, असे मत मांडण्यात आले.

एकाच राखेची वये इतकी भिन्न येण्याची कारणे भौतिक आहेत. नदीने हलविलेल्या राखेत बेसाल्टाचे अतिप्राचीन कण मिसळले, तर मापलेले वय खऱ्याहून अधिक येते. टोबाच्या निरनिराळ्या स्फोटांतील काचेचे संघटन एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असल्याने केवळ रसायनावरून स्फोट ओळखणे कठीण पडते. वय बदलले म्हणून आधीचे संशोधक अप्रामाणिक ठरत नाहीत. कोणत्या थरातील नमुना, कोणती पद्धत व किती त्रुटी हे त्यांनी छापले, जागा इतरांना दाखविल्या, म्हणूनच पुढच्यांना त्यांचे मत खोडता आले. पहिल्या गटातील रवी कोरीसेट्टर व शीला मिश्रा हे पुढे या वादात भिन्न बाजूंस दिसतात. वाद निबंधांतून व पुराव्याच्या आधारे चालला. निष्कर्ष चुकणे व पुरावा चुकविणे यांतील फरक या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

याच्या नेमके उलट उदाहरण हिमालयाच्या जीवाश्मविज्ञानात घडले. ऑस्ट्रेलियन भूवैज्ञानिक जॉन टॅलंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात चंदीगढच्या पंजाब विद्यापीठातील वि. जि. गुप्ता यांच्या अनेक वर्षांच्या लेखनावर आक्षेप घेतले. हिमालयात सापडल्याचे सांगितलेले काही जीवाश्म मोरोक्को, न्यूयॉर्क इ. परकीय स्थळांतील असल्याचे त्यांनी दाखविले. विद्यापीठाच्या चौकशीत गुप्ता दोषी ठरले. त्यांच्या निबंधांना शंभराहून अधिक सहलेखक होते व त्यांतील अनेकांनी जीवाश्मांची मूळ जागा पाहिलेली नव्हती. जीवाश्म खोटे नव्हते, त्यांचे ठिकाण खोटे होते. भूविज्ञानात नमुन्याचे मोल त्याच्या ठिकाणावर अवलंबून असते, म्हणून ठिकाण खोटे सांगणे हा नमुनाच खोटा बनविण्याइतका गंभीर दोष मानतात. न पाहिलेल्या पुराव्याखाली सहलेखक म्हणून नाव घालणे, हे या दोषास साहाय्यभूत होते.

अध्यापकाच्या नीतीत विद्यार्थ्याच्या क्षेत्रकामाचे श्रेय त्यास देणे, नकाशा स्वतः न पडताळता पुढे न पाठविणे आणि क्षेत्रकामात सुरक्षितता पाहणे यांचा समावेश होतो. मोरगावसारख्या ठिकाणी राखेचा थर मर्यादित असल्याने गरजेपुरताच नमुना घेणे, उघडा कडा विद्रूप न करणे, जमीनमालकाची संमती घेणे व गावकऱ्यांना निष्कर्ष समजावून सांगणे, हीही कर्तव्येच होत.

आपत्ती व लोकसूचना : भूकंप, दरड कोसळणे इत्यादींच्या बाबतीत भूवैज्ञानिकास अपुऱ्या माहितीवर बोलावे लागते. इटलीतील लाक्वीला येथे ६ एप्रिल २००९ रोजी झालेल्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे दगावली. त्यापूर्वी लोकांना चुकीचा दिलासा दिल्याच्या आरोपावरून सहा वैज्ञानिक व एक अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने वैज्ञानिकांना निर्दोष ठरविले. भूकंपाचे भाकीत करता येत नाही हे सत्य सांगण्याबरोबरच ‘म्हणून धोका नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही, हेही सांगावे लागते. पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. अशा उतारांची पाहणी करणाऱ्याने अकारण भीती पसरवू नये, तसेच नाराजी टाळण्यासाठी गप्पही बसू नये.

संघटना व आचारसंहिता : लंडनची भूवैज्ञानिक संस्था (१८०७) सदस्यांना व्यावसायिक अर्हतेची सनद देते व आचारसंहितेचा भंग झाल्यास कारवाई करते. अमेरिकेतील व्यावसायिक भूवैज्ञानिकांची संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली आणि तेथील अनेक राज्यांत भूवैज्ञानिकास परवाना घ्यावा लागतो. २०१२ मध्ये ब्रिस्बेन येथे भूनीतीच्या प्रसारासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व २०१६ मध्ये केपटाउन येथे तिचे निवेदन प्रसृत झाले. भारतात भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था (१८५१), केंद्रीय भूजल मंडळ व राज्यांच्या यंत्रणा यांतील अधिकाऱ्यांना सेवानियम लागू असतात. भारतीय भूवैज्ञानिक संस्था (१९५८, बंगलोर) ही विद्वत्सभा आहे. वैद्य व वकील यांच्या परिषदांसारखी भूवैज्ञानिकांची नोंदणी करणारी व गैरवर्तनाबद्दल नाव काढून टाकणारी वैधानिक परिषद मात्र भारतात नाही.

त्यामुळे खाजगी सल्ल्याच्या क्षेत्रात लेखी अहवाल हेच नियंत्रणाचे मुख्य साधन ठरते. विहिरीसंबंधीच्या अहवालात निदान पुढील गोष्टी असाव्यात : पाहणीचा दिनांक व सल्लागाराचे नाव, जवळच्या चालू व कोरड्या विहिरींची खोली व पातळी, पाहिलेला खडक व अनुमानलेला खडक यांची वेगळी नोंद, मोजणीची मूळ वाचने, यशाची शक्यता आणि कोणत्या खोलीनंतर खोदणे थांबवावे याची मर्यादा, शेजारच्या विहिरींवर संभवणारा परिणाम, व सल्लागाराचे हितसंबंध. खोदाईनंतर प्रत्यक्ष काय लागले याची नोंद त्यास जोडून एक प्रत शेतकऱ्याकडे व एक ग्रामपंचायतीत राहिल्यास ती पुढील सल्ल्यास उपयोगी पडते. कोरड्या बोअरची अशी नोंद त्याच गावातील पुढच्या शेतकऱ्यास त्या खर्चातून वाचवू शकते.